सात की तेरा? अमेरिकेतले दिवाळे आणि राहते घर

मराठीत माणसाचे दिवाळे निघते किंवा वाजते. पेढी बुडाली की भर दिवसा तिच्यात दिवा लावून ठेवायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला काय ते कळावे, असा जुन्या सावकारी पेठांतला रिवाज या शब्दामागे सांगतात. शब्द कुठूनही आलेला असो, त्यात निवडीला जागा नाही. दिवाळे ही अंगावर कोसळणारी गोष्ट. अमेरिकेत मात्र कर्जाखाली दबलेला साधा पगारदार माणूस वकिलासमोर जाऊन बसतो, तेव्हा थोड्याच वेळात बोलणे एका निवडीशी येऊन थांबते : सात की तेरा?

हे आकडे म्हणजे तिथल्या दिवाळखोरी संहितेतल्या प्रकरणांचे क्रमांक. ही संहिता १९७८ सालची. त्यातले अकरावे प्रकरण वर्तमानपत्रांतून आपल्या परिचयाचे आहे, कारण मोठ्या विमान कंपन्या आणि दुकानांच्या साखळ्या त्याचा आसरा घेतात. घरगुती कर्जदारासाठी मुख्यतः सातवे आणि तेरावे. सातव्या प्रकरणात कर्जदाराची मालमत्ता न्यायालयीन ट्रस्टीच्या ताब्यात जाते. कायद्याने जे राखून ठेवले आहे ते सोडून बाकीचे विकून येणारा पैसा धनकोंना वाटला जातो आणि क्रेडिट कार्डे, दवाखान्यांची बिले, हातउसने असे बहुतेक बिनतारणी कर्ज चार-सहा महिन्यांत माफ होते. तेराव्या प्रकरणात मालमत्ता कर्जदाराकडेच राहते. त्याबदल्यात तो तीन ते पाच वर्षे आपल्या मिळकतीतून ठरलेली रक्कम दरमहा ट्रस्टीकडे भरतो, आणि मुदत पुरी झाल्यावर उरलेले बहुतेक कर्ज माफ होते. पोटगी, अलीकडचे आयकर आणि जवळजवळ सर्व शैक्षणिक कर्जे दोन्हींतून शिल्लक राहतात. थोडक्यात, सातव्यात माणूस साठवलेले देतो आणि तेराव्यात अजून न कमावलेले.

वरवर पाहता सातवे फारच सोयीचे वाटते. चार महिन्यांत सुटका होत असताना पाच वर्षे कोण भरत बसेल? तरीही लाखो कुटुंबांनी तेरावे निवडलेले आहे आणि त्यातल्या बहुतेकांचे कारण एकच असते, ते म्हणजे राहते घर. नोकरी जाणे, आजारपण आणि घटस्फोट ही तिथल्या मध्यमवर्गाच्या दिवाळखोरीची तीन मुख्य कारणे. एलिझाबेथ वॉरन राजकारणात येण्यापूर्वी प्राध्यापक होत्या, तेव्हा त्यांनी टेरेसा सलिव्हन आणि जे वेस्टब्रुक यांच्याबरोबर न्यायालयांतल्या प्रत्यक्ष अर्जांचा अभ्यास करून हे दाखवून दिले होते. म्हणजे ज्या घरावर संकट येते ते बहुधा उधळ्याचे घर नसते. मुलांची शाळा त्या घराच्या पत्त्यावर ठरलेली असते आणि म्हातारपणाची पुंजीही त्याच्याच भिंतींत असते.

‘घर वाचेल का?’ या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न दडलेले आहेत, आणि ते वेगळे केल्याशिवाय सात-तेराचा उलगडा होत नाही. घर कोणापासून वाचवायचे? ज्या बँकेकडे ते गहाण आहे तिच्यापासून, की ज्यांच्याकडे काहीच गहाण नाही अशा इतर धनकोंपासून?

हा भेद आपल्याला परका नाही. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खते-कागद जाळले आणि त्या दंग्याचे लोण दख्खनभर गेले. त्यातून १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याच्या बाविसाव्या कलमाने शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात जप्त करायला मनाई केली, पण एक अपवाद ठेवून. ती मालमत्ता त्याच कर्जापोटी खास गहाण ठेवलेली असेल, तर मात्र सावकाराचा हात तिच्यापर्यंत पोचे. जे गहाण नाही ते सुरक्षित, जे गहाण आहे ते नाही. अमेरिकेतल्या घराचा सगळा कायदाही याच रेषेवर उभा आहे.

तिथे रेषेच्या सुरक्षित बाजूला ‘होमस्टेड’ सवलत म्हणतात. तिचा उगम टेक्ससमधला, आणि तोही टेक्सस स्वतंत्र प्रजासत्ताक असतानाचा. १८३७च्या आर्थिक मंदीत शेजारच्या अमेरिकी राज्यांतून कर्जबाजारी लोक मोठ्या संख्येने तिकडे येत होते. १८३९च्या जानेवारीत टेक्ससने कायदा केला, की कुटुंबाची ५० एकर जमीन किंवा गावातला एक प्लॉट, त्यावरच्या घरासह, धनकोला घेता येणार नाही. कर्ज बुडवून आलेल्यांना वसवण्याचा हेतू त्यात होता, हे तिथले इतिहासकार संकोच न करता सांगतात. ही कल्पना मग राज्याराज्यांत पसरली. पुढे १८९८ साली केंद्राचा टिकाऊ दिवाळखोरी कायदा झाला, तेव्हा काय राखून ठेवायचे हे प्रत्येक राज्यावर सोपवले गेले. अमेरिकी राज्यघटना तर दिवाळखोरीचे कायदे देशभर एकसारखे असावेत असे म्हणते. मग हे चालते कसे? सर्वोच्च न्यायालयाने १९०२ साली सांगितले, की प्रत्येक राज्यातल्या धनकोला तिथल्या कायद्याने एरवी जे मिळाले असते तेच दिवाळखोरीत मिळत असेल, तर एकसारखेपणा पाळला गेला. हा युक्तिवाद मला आजही थोडा चलाखीचाच वाटतो.

त्याचा परिणाम असा, की एकाच देशात एका माणसाचे घर सुरक्षित असते आणि दुसऱ्याचे नसते, केवळ राज्याची सीमा मध्ये आहे म्हणून. टेक्ससमध्ये शहरात १० एकरांपर्यंतचे आणि ग्रामीण भागात कुटुंबासाठी २०० एकरांपर्यंतचे राहते घर राखीव आहे. त्याच्या किमतीला मर्यादाच नाही. फ्लोरिडात शहरात अर्धा आणि बाहेर १६० एकर, तिथेही किमतीची मर्यादा नाही. काही राज्ये कर्जदाराला केंद्राची यादी निवडू देतात. न्यू जर्सी त्यांपैकी एक. त्या यादीत एप्रिल २०२५पासून घरासाठी माणशी ३१,५७५ डॉलर आहेत, म्हणजे पती-पत्नी दोघे मालक असून दोघांनी मिळून अर्ज केला तर ६३,१५०. न्यू जर्सीतल्या घरांच्या किमती ज्याला ठाऊक आहेत त्याला हा आकडा किती तोकडा आहे ते सांगायला नको.

आता एक कल्पित जोडपे घेऊ. घराची किंमत पाच लाख डॉलर, त्यावर बँकेचे कर्ज तीन लाख वीस हजार. म्हणजे घरातला त्यांचा स्वतःचा वाटा, ज्याला तिथे इक्विटी म्हणतात, एक लाख ऐंशी हजार. एकाची नोकरी गेली, मग शस्त्रक्रिया झाली, आणि कार्डे व दवाखाने मिळून दोघांच्या नावावर नव्वद हजारांचे बिनतारणी कर्ज झाले. गृहकर्जाचे हप्तेही काही महिने थकले. ती थकबाकी चौदा हजार, जी वरच्या तीन लाख वीस हजारांतच धरलेली आहे.

हे जोडपे न्यू जर्सीत असेल आणि त्यांनी सातवे प्रकरण घेतले, तर ट्रस्टी बसून असा हिशेब करील. पाच लाखांतून बँकेचे तीन लाख वीस हजार गेले, कुटुंबाचे राखीव ६३,१५० गेले. उरले १,१६,८५०. विक्रीचा खर्च आणि दलाली तीसेक हजार आणि ट्रस्टीचे स्वतःचे कायदेशीर कमिशन पंचवीसेक हजार वजा केले, तरी इतर धनकोंसाठी साठ हजारांच्या आसपास शिल्लक राहतात. ट्रस्टी घर विकणार. कुटुंबाच्या हाती ६३,१५० डॉलर येतील आणि घर जाईल. हेच बँकेचे कर्ज तीन लाख ऐंशी हजार असते, तर सगळे खर्च वजा जाता धनकोंना वाटायला जवळजवळ काहीच उरले नसते, आणि ट्रस्टीने घराला हातही लावला नसता. ज्याने कर्ज फेडत आणले त्याच्या घराला धोका जास्त आणि ज्याचे अजून बरेच फेडायचे आहे त्याच्या घराला कमी, अशी ही विचित्र गणिती गोष्ट आहे.

तेराव्या प्रकरणात घर विकले जात नाही. पण कायद्याची अट अशी, की सातव्यात धनकोंना जे मिळाले असते त्याहून कमी तेराव्यात मिळता कामा नये. म्हणजे ते साठ हजार आपल्या जोडप्याने मिळकतीतून भरायचे. त्यात थकबाकीचे चौदा हजार मिळवून साठ महिन्यांत वाटले, तर महिना बाराशे डॉलरहून अधिक होतात. त्यावर ट्रस्टीचा दहा टक्क्यांपर्यंतचा आकार. आणि गृहकर्जाचा चालू हप्ता वेगळा, तो एकदाही न चुकवता. घर वाचते, पण पाच वर्षे जवळजवळ दुसऱ्यांदा विकत घेतल्यासारखे.

तेच जोडपे तेच आकडे घेऊन डॅलसच्या उपनगरात कित्येक वर्षे राहत असेल, तर इतर धनकोंचा प्रश्न एका फटक्यात निकाली निघतो. इक्विटी कितीही असो, ट्रस्टी घराकडे पाहू शकत नाही. मग सातवेच घ्यावे ना? इथे अनेक जण फसतात. सवलत आहे ती बिनतारणी धनकोंविरुद्ध. बँकेचे गहाण तिच्यापुढे जसेच्या तसे उभे असते. सातव्या प्रकरणाने बँकेच्या कर्जाची व्यक्तिगत जबाबदारी संपते, म्हणजे पुढे बँक पगारावर टाच आणू शकत नाही. घरावरचा बोजा मात्र उतरत नाही, हे तत्त्व तिथे १८८६पासून पक्के आहे. अर्ज दाखल होताच सर्व वसुलीला आपोआप स्थगिती मिळते, पण सातव्यात ती काही आठवड्यांची उसंत असते. बँक न्यायालयाकडून परवानगी काढते किंवा प्रकरण संपण्याची वाट पाहते, आणि थकलेल्या चौदा हजारांपायी घर लिलावात काढते.

थकबाकी हप्त्याहप्त्याने फेडू द्यायला बँकेला भाग पाडण्याची ताकद फक्त तेराव्यात आहे. म्हणून डॅलसचे जोडपेही तेराव्यात जाऊ शकते, पण न्यू जर्सीहून अगदी वेगळ्या कारणाने. घरापायी त्यांना चौदा हजारच साठ महिन्यांत वाटायचे आहेत, म्हणजे महिना सव्वादोनशे-अडीचशे डॉलर. थकबाकीच नसती तर सातवे पुरेसे होते. वेळेचे मात्र फार महत्त्व. टेक्ससमध्ये असे लिलाव सर्वसाधारणपणे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतात. त्या मंगळवारी बोली पुकारली जाण्यापूर्वी अर्ज दाखल झाला पाहिजे. लिलाव होऊन गेल्यावर थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क संपतो. नोटिसा न उघडता टेबलाच्या खणात टाकणारा माणूस जगात सगळीकडे सापडतो, आणि तिथे त्याचे घर बहुधा याच एका चुकीने जाते.

तेराव्या प्रकरणाचा जन्मही पगारदारांच्या व्यवहारातूनच झाला. १९३०च्या दशकातल्या महामंदीत अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात दिवाळखोरी न्यायालयाच्या देखरेखीखाली कामगारांना पगारातून थोडेथोडे कर्ज फेडू देण्याची पद्धत रुळली होती. १९३८च्या कायद्याने तिला देशभर जागा दिली. तेव्हा तिचे नाव ‘पगारदाराची योजना’ असेच होते.

घराच्या बाबतीत या योजनेची एक खोड मात्र मुळातून समजून घ्यावी लागते. तेराव्यात न्यायालय अनेक तारण कर्जांची फेररचना करू शकते. भाड्याने दिलेल्या दुसऱ्या घराचे मोल कर्जापेक्षा खाली घसरले असेल, तर त्या मोलापुरतेच कर्ज तारणाचे धरायचे आणि बाकीचे बिनतारणी, असे करता येते. एका गोष्टीला मात्र ते चालत नाही : ज्या घरात कर्जदार स्वतः राहतो, केवळ त्याच घरावरचे गृहकर्ज. त्याचा व्याजदर, हप्ता, मुद्दल यांत न्यायालयाला हात घालता येत नाही. १९९३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नोबेलमन’ खटल्यात हे एकमताने पक्के केले. कारण असे दिले जाते, की गृहकर्ज देणाऱ्यांना खात्री वाटली तर सर्वांनाच स्वस्त कर्ज मिळेल. असेलही. पण २००८नंतर घरांच्या किमती कोसळल्या आणि लाखो लोक घराच्या किमतीहून जास्त कर्ज फेडत बसले, तेव्हा ही मनाई उठवण्याचे विधेयक प्रतिनिधिगृहात संमत होऊन सीनेटमध्ये ३० एप्रिल २००९ रोजी ४५ विरुद्ध ५१ मतांनी पडले. शेतकऱ्यांसाठी मात्र १९८६च्या शेती संकटात वेगळे बारावे प्रकरण काढले गेले आणि त्यात ही मनाई नाही. शेतावरच्या घराचे कर्ज न्यायालय बदलू शकते, उपनगरातल्या घराचे नाही. ज्या घराचा गौरव कायदा सर्वांत जास्त करतो, त्याच घराच्या कर्जापुढे त्याने स्वतःचे हात बांधून घेतलेले आहेत. मला यात बँकांचे वजन दिसते, तत्त्व दिसत नाही.

निवड पूर्णपणे कर्जदाराच्या हाती आहे असेही नाही. २००५च्या दुरुस्तीने सातव्याच्या दारात उत्पन्नाची कसोटी बसवली. गेल्या सहा महिन्यांची मिळकत राज्यातल्या तेवढ्या माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाहून जास्त असेल आणि ठरावीक खर्च वजा जाऊन पुरेसे उरत असेल, तर सातवे बंद. तेराव्यालाही वरची मर्यादा आहे : आजच्या आकड्यांत बिनतारणी कर्ज ५,२६,७०० आणि तारण कर्ज १५,८०,१२५ डॉलर. एन्रॉन, वर्ल्डकॉमच्या दिवसांत बड्या लोकांच्या टेक्सस-फ्लोरिडातल्या हवेल्यांचा बोलबाला झाला होता. त्यावर उपाय म्हणून याच दुरुस्तीने ठरवले, की नव्या राज्याच्या सवलतींसाठी तिथे ७३० दिवसांचे वास्तव्य हवे, आणि अर्जापूर्वीच्या १,२१५ दिवसांत घेतलेल्या घराला कमाल २,१४,००० डॉलरचीच सवलत मिळावी (त्याच राज्यातले जुने घर विकून घेतलेल्याला यात सूट आहे). नोकरीपायी न्यू जर्सीहून ऑस्टिनला गेलेल्या मराठी कुटुंबाला हे दिवस मोजावे लागतात, मग त्याच्या मनात हवेली असो वा नसो.

तेराव्याबद्दल एक गोष्ट वकील हळू आवाजात सांगतात : या योजना मोठ्या संख्येने अर्ध्यावर मोडतात. पाच वर्षे हा मोठा काळ असतो. पुन्हा नोकरी जाते, गाडीचे इंजिन बसते, हप्ता चुकतो आणि अर्ज फेटाळला जातो. मग स्थगिती उठते, जुने कर्ज परत येते आणि बँक तिथून पुढे सुरू होते. हप्ता कमी करून घेण्याची, सातव्यात वळण्याची सोय आहे, पण ती वेळीच मागावी लागते. म्हणून कागदावर बसणारी योजना आणि घरात बसणारी योजना यांत फरक करणारा वकील मिळणे हे मोठे भाग्य. कधीकधी घर सोडून सातवे घेणे आणि दोन वर्षे भाड्याने राहणे हाच शहाणपणा असतो, आणि ते तोंडावर सांगायलाही कोणीतरी लागते.

उरला एक मुद्दा, आणि तो अमेरिकेतल्या आपल्या माणसांचाच. दिवाळखोरीचा अर्ज करायला तिथले नागरिकत्व लागत नाही. राहणे किंवा मालमत्ता तिथे असणे पुरते. पण अर्ज केला, की कर्जदाराची सारी मालमत्ता, ती ‘कुठेही असो’, हिशेबात येते. पुण्यात भाड्याने दिलेला फ्लॅट हे राहते घर नव्हे, त्याला होमस्टेड सवलत नाही. सातव्यात ट्रस्टी तो विकायला सांगू शकतो आणि तेराव्यात त्याची किंमत मासिक हप्त्यात शिरते. न सांगितल्यास कर्जमाफी नाकारली जाते, आणि जाणूनबुजून लपवणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

फ्लॅटचे तरी सोपे. अवघड आहे ते साताऱ्याकडचे वडिलोपार्जित घर, ज्याची वाटणी झालेली नाही, ज्यात धाकटे काका राहतात आणि ज्यात आपला हिस्सा आहे हे अर्ज करणाऱ्याच्या ध्यानीही नसते. मुलींच्या बाबतीत तर विशेष. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी लागू होऊन एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क देशभर मिळाला. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला अमेरिकेतली नवी, कडक दिवाळखोरी दुरुस्ती अमलात आली. महाराष्ट्राने तर मुलींना हा हक्क १९९४मध्येच, काही मर्यादांसह, दिला होता. आपण कधीच हिस्सा मागणार नाही, असे भावाला सांगून न्यू जर्सीला गेलेली बहीण तिथे कायद्याच्या दृष्टीने त्या घराची भागीदारच असते. ऐन अडचणीत हक्कसोड लिहून दिली, तर तिची मागच्या तारखांनिशी छाननी होऊ शकते.

न्यायालयाच्या मालमत्तेच्या तक्त्यात पहिलाच प्रश्न घर आणि जमिनीचा असतो. त्यापुढे दोन आकडे भरायचे असतात : संपूर्ण मालमत्तेची आजची किंमत, आणि त्यातल्या तुमच्या भागाची आजची किंमत. पहिला आकडा साताऱ्यातला एखादा मूल्यांकनकार सांगेल. दुसऱ्यासाठी आजोबांपासून वंशावळ मांडावी लागते, कोण वारले, कोणाची मुले किती, आत्यांचा हिस्सा कितवा, आणि त्यासाठी बहुधा काकांना फोन करून, कशाला हवे आहे ते सांगावे लागते.